पंपहाऊसमधली काळी पट्टी

१

कुलूप जागच्या जागी होतं. तारेवरचा लाखेचा शिक्का जागच्या जागी होता. आणि तरीही बुद्धघोष सरांची काळी पट्टी काळी राहिली नव्हती.

"अरारारा!" पाणी सोसायटीचे चेअरमन श्रीपती तात्यांनी टोपी मागं सरकवली. "सर, तुमच्या औषधानं तर मान टाकली की!"

शहाण्णव सालचा, दसऱ्यानंतरचा रविवार होता. वरकुट्याच्या पंपहाऊसमागं एक ओली खोली आहे. तिथं गळतीच्या पाण्याचे शिंतोडे बारा महिने भिंतीवर उडत असतात. ज्येष्ठात याच भिंतीला दोन लोखंडी पट्ट्या तारेनं आवळून बांधल्या होत्या. वहीच्या पानाएवढ्या, एक काळी, एक तांबडी. चार महिन्यांत जी गंजणार नाही तिचा रंग सोसायटीच्या कालव्याच्या फाट्यावरच्या, पाणी सोडायच्या सगळ्या लोखंडी दारांना लागणार, असं ठरलं होतं.

तांबडी पट्टी माझ्या अब्बांची. राजमहंमद म्हटलं की इंदापुरात कुणीही रंगाचं दुकान दाखवतं. तांबडा म्हणजे तो शिशाचा रंग, लोखंडाला पहिला हात देतात तो. वीस वर्षं फाट्याची दारं अब्बांच्याच रंगानं रंगत आली.

काळी पट्टी बुद्धघोष सरांची. सर बारामतीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात, घर मात्र वरकुट्यात. त्यांची मेघना दहावीत माझ्याच बाकावर बसते. सरांनी बाभळीच्या सालीचा काढा केला, त्यात जवसाचं तेल आणि राळ घोटली आणि ते काळंभोर प्रकरण लोखंडावर चढवलं. एवढा खटाटोप कशासाठी? तर गेल्या वर्षी दारं खरवडली तेव्हा जुन्या तांबड्या रंगाच्या खपल्या गाळात पडल्या. शकुबाईच्या दोन रेडकांनी त्या चाटल्या. आंधळ्यासारखी गोल गोल फिरली आणि मेली. जनावरांच्या डॉक्टरांनी शिसं बाधलं म्हणून सांगितलं, आणि त्या दिवसापासून सर झपाटले होते.

आता त्यांची पट्टी वरपासून खालपर्यंत नारिंगी गंजानं माखली होती. अब्बांची मात्र काल रंगवल्यासारखी तुकतुकीत.

मला वाईट वाटलं. पण खोटं कशाला लिहू, आत कुठंतरी जरा बरंही वाटलं. आपले अब्बा जिंकले!

ते बरं वाटणं दोन मिनिटं टिकलं.

पंप चालवणारा सोमनाथ पुढं झाला. त्यानं तांबड्या पट्टीवरून बोट फिरवलं आणि बोट उजेडात धरलं. "तात्या, हिला तर तेल लावलंय."

सगळ्यांच्या माना अब्बांकडं वळल्या.

"एका पट्टीला तेल, दुसरीचा सत्यानाश," तात्या सावकाश म्हणाले. "राजाभाई, ह्यात फायदा कुणाचा हाय, ते म्या सांगाया पायजे का?"

मेघनानं माझ्या हातातला तिचा हात काढून घेतला.

"मी कुणाचं नाव घेत नाही," बुद्धघोष सर हळूच म्हणाले.

"तुमी नका घेऊ, म्या घेतो. येत्या रविवारी सगळी हितंच जमू. राजाभाई, तवर खुलासा द्या. न्हायतर वीस वर्साचा संबंध संपला, आन् का संपला ते म्या गावाला सांगणार."

"खुलासा काय देणार ते?" सोमनाथ म्हणाला. "दसऱ्याच्या आधी ह्यांची लुना म्या सोत्ता बघितलीया. ह्याच खिडकीखाली."

२

सोमवारी दुकानाचं शटर उघडलं नाही. मंगळवारीही नाही. रमझान ईद सोडली तर आमचं दुकान असं कधी बंद नसतं. अम्मीनं दोनदा चहा करून दिला, दोन्ही वेळा त्यावर साय धरली.

मी अब्बांच्या समोर जाऊन बसले.

"अब्बा, तुम्ही गेला होता की नाही?"

"तू तुझा अभ्यास कर."

"झालाय." (झाला नव्हता.)

"दहावी हाय यंदा."

"म्हणूनच विचारतेय. मेघना बाकाच्या त्या टोकाला बसते आणि अख्खा वर्ग मला विचारतो, का गं? मी काय सांगू? माझे अब्बा खिडकीतून हात घालून दुसऱ्याची पट्टी नासवतात, असं सांगू?"

आधी कधी मी त्यांच्याशी असं बोलले नव्हते. माझ्याच आवाजाची मला गंमत वाटली. अब्बांनी वर पाहिलं.

"गेलतो," ते म्हणाले. "दसऱ्याच्या दोन दिस आधी. सकाळी. खिडकीतनं नुसतं बघून आलो."

"हात लावला?"

"अल्लाची शपत, न्हाय."

"आणि तेल?"

"अगं, रंगाचा मानूस आपल्याच रंगाला वरनं तेल लावील व्हय? म्हंजी आपल्याच मालावर आपला भरवसा न्हाय, असं झालं की."

हे मला पटलं. मी पुढचा प्रश्न टाकला, अगदी सहज. "बरं, मग खिडकीतून काय दिसलं?"

अब्बा उठले. खुंटीवरचा सदरा काढला, पुन्हा खुंटीवर ठेवला.

"ते मला इचारू नगंस, मुबू," ते म्हणाले आणि आत निघून गेले.

माझे अब्बा खोटं बोलत नव्हते. पण काहीतरी लपवत होते, हेही तितकंच खरं होतं.

३

बुधवारी मधल्या सुट्टीत मी मेघनाला नळापाशी गाठलं.

"हे बघ, माझ्या अब्बांनी केलं असेल तर रविवारी सगळ्यांसमोर मीच उभी राहून सांगीन. पण आधी शोधायचं. तू येणार का?"

"आणि नसेल केलं तर?"

"तर तू मला दोन भेळी द्यायच्या."

ती हसली नाही, पण तिच्या ओठाचं एक टोक हललं. "एक," ती म्हणाली.

गुरुवारी आम्ही शाळेला दांडी मारून बारामतीची एसटी पकडली. (हे अम्मीला अजून माहीत नाही.) सर प्रयोगशाळेत एकटेच होते. आम्हाला बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. बहुतेक रागवायचं होतं, पण जमलं नाही.

"सर, गंजाचं वय कळतं का?" मी विचारलं.

"वय?" सरांना प्रश्न आवडला हे लगेच दिसलं. "बैलाचं दातावरून कळतं तसं नेमकं नाही. पण अंदाज येतो. ताजा गंज नारिंगी असतो, बोटाला भुकटी लागते. जुना होत जाईल तसा तपकिरी होतो आणि त्याच्या खपल्या सुटतात."

मी डोळे मिटून ती ओली खोली आठवली. खिडकीचे गज: तपकिरी, खपल्याखपल्यांचे. सरांची पट्टी: नारिंगी, भुकटीसारखी.

"म्हणजे पट्टी चार महिने गंजत नव्हतीच! हे आठ-दहा दिवसांतलं आहे!"

"मलाही तसं वाटलं होतं," सर म्हणाले. "पण ज्याची पट्टी गंजली त्यानंच असं म्हटलं, तर ती सबब वाटते."

"तुमच्या रंगाला मारतं काय?"

सरांनी काळ्या रंगाचा एक खिळा बशीत ठेवला आणि वरून लिंबू पिळलं. मग चिमटीत कापसाचा बोळा घेऊन घासलं. बघता बघता काळं पाणी सुटलं आणि खिळा उघडा पडला, नव्या नाण्यासारखा.

"आंबट," सर म्हणाले. "ऍसिड कसलंही असो. सालीतला तुरटपणा लोखंडाला धरून बसतो, पण आंबट लागलं आणि वर घासलं की सुटतो. हा माझ्या रंगाचा दोष आहे, मी तो लपवत नाही. कालव्याच्या पाण्यात आंबट काही नसतं, म्हणून मी निश्चिंत होतो."

त्यांनी आम्हाला एक भिंग दिलं आणि परतीच्या एसटीत बसवून दिलं. भिगवण फाटा मागं पडला.

"मुबू," मेघना खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुमच्या दुकानात, त्या खालच्या फळीवर... त्या संडास धुवायच्या बाटल्या..."

"ऍसिडच आहे ते," मी म्हणाले.

४

शुक्रवारी शाळा सुटल्यावर आम्ही सायकली दामटत पंपहाऊस गाठलं.

"आल्या, सीआयडी आल्या!" सोमनाथनं कंबरेच्या करदोट्याला बांधलेल्या किल्लीनं ओली खोली उघडली. "बघा काय बघायचं ते. पर शिक्का तोडायचा न्हाय. तात्या माझी साल काढतील."

मी भिंग डोळ्याला लावलं. आणि खरं सांगते, भिंगातून गंज बघणं म्हणजे अख्खा नारिंगी डोंगर बघणं! पण त्या डोंगरातून वाटा गेल्या होत्या. बारीक रेघा. गोल गोल.

"ऍसिड ओतलं असतं तर ओघळ आले असते," मी म्हणाले. "ही तारही खाल्ली गेली असती. तार तर ठणठणीत आहे. हे कुणीतरी घासलंय."

"खिडकीतून काठीला चिंधी बांधून?" मेघनानं विचारलं.

करून बघितलं! बाहेर तुरीची एक काठी पडली होती, तिला मेघनाचा रुमाल बांधला. गजांतून काठी घातली तर ती पट्टीपर्यंत पोचली, पण जोर म्हणून लागेना. वरखाली फिरते, गोल काही केल्या फिरत नाही. मेघनानं ओढून घेतली, तिनंही दात ओठ खाऊन बघितलं. शेवटी काठी मोडली.

"गोल रेघा तळहातानं दाबल्याशिवाय येत नाहीत," मी म्हणाले. "म्हणजे ज्यानं घासलं तो या खोलीत, पट्टीसमोर उभा होता. आणि आत यायची किल्ली..."

आम्ही दोघींनी एकदमच सोमनाथच्या करदोट्याकडं पाहिलं.

"ए! माझ्यावर घेताव व्हय?" सोमनाथ भडकला. "सकाळपासनं सांजच्यापातुर म्या हितंच असतो. बाहेरचं कुणीबी ह्या खोलीत आलं न्हाय. आईची आन!"

त्याच्या तोंडावर खोटं दिसत नव्हतं. मला तर आता सगळेच खरं बोलताना दिसत होते आणि पट्टी तेवढी खोटी पडत होती.

मेघनानं दप्तरातून लहानसा आरसा काढला. (दहावीच्या मुलीच्या दप्तरात आरसा कशाला, ते विचारू नये.) तो तिनं पट्टी आणि भिंतीच्या फटीत सरकवला आणि ओरडलीच, "मुबू! पाठ बघ!"

आरशात काळीभोर, चकचकीत पाठ दिसत होती. गंजाचा ठिपकासुद्धा नाही. म्हणजे रंग शाबूत होता. पट्टी तारेनं बांधलेली, सुटण्यासारखी नव्हती, म्हणून ज्यानं कुणी घासली त्यानं तोंड तेवढं घासलं होतं.

तारेच्या पिळात काहीतरी अडकलं होतं. दोऱ्यासारखं, तपकिरी. मी ते नखानं ओढून काढलं, हुंगलं आणि जिभेवर ठेवलं.

"ईऽऽ!" मेघना मागं सरली.

"आंबट आहे. चिंचेची शीर आहे ही."

दुसऱ्याची पट्टी नासवायची म्हणून कुणी चिंच घेऊन येतं का? छिन्नीचे दोन घाव पुरले असते. चिंच घेऊन येणारं माणूस काही मोडायला येत नाही. मी खोलीभर बघत राहिले. समोरच्या भिंतीला खिळ्यांवर पंपाचे नट आवळायचे पाने टांगले होते, खाली पहार आणि टिकाव. ओल्या खोलीतली हत्यारं आणि इतकी उजळ? मी भिंग लावलं. पान्यावर गोल रेघा. पहारीवरही गोल रेघा, आणि त्यांवर हलकीशी नारिंगी झाक.

"सोमनाथदादा, हे पाने इतके लख्ख कसे?"

"नवमीला पुजली की. दसऱ्याच्या आदल्या दिशी. खंडेनवमी न्हाय का? हळद-कुकू लावलं, झेंडू वाह्यला, नारळ फोडला."

"त्याआधी घासले कुणी?"

सोमनाथनं डोकं खाजवलं. हा प्रश्न त्याला जन्मात कुणी विचारला नसावा.

"ती घासल्यालीच असत्यात," तो म्हणाला.

५

गंमत बघा. आमच्या घरी नवमीला हत्यारं पुजत नाहीत. मेघनाच्या घरी तिच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून देव नाहीत की नवमी नाही. म्हणून एकमेकांविरुद्ध पट्ट्या टांगणाऱ्या आमच्या दोघींच्या बापांच्या डोक्यात नवमी आलीच नाही. आणि ज्यांच्या घरी नवमी असते त्या तात्यांच्या आणि सोमनाथच्या डोक्यात का नाही आली? कारण पूजा बाप्ये करतात, हत्यारं घासतात बाया. पाटावर येतं तेव्हा सगळं घासलेलंच असतं!

पंपहाऊस झाडणाऱ्या ठमाबाई कालव्याच्या अलीकडं राहतात. दारात बसून त्या भुईमुगाच्या शेंगा निवडत होत्या.

"या गं लेकींनो. खावा शेंगा."

मी शेंग फोडली आणि विचारलं, "ठमाबाई, यंदा नवमीची हत्यारं कुणी घासली?"

"म्या! दुसरं कोण घासतंय? आदल्या दिशी दुपारी सोमनाथानं दार उघडून दिलं, आन् सांजपातुर घासत बसले. चिंच, राख आन् नारळाची शेंडी. पाने झाले, पहार झाली, टिकाव झाला."

"आणि भिंतीवरची काळी पट्टी?"

"बया, तिचं नाव नगं काढू!" ठमाबाईंनी दंड चोळला. "काळीकुट्ट, चुलीवरच्या तव्यावाणी. तारंनं बांधल्याली, निघना. म्हनलं ऱ्हाऊ दे, उभ्यानंच घासू. हात भरून आलं, पर शेवटी आशी पांढरी निघाली म्हनतीस, रुपया जनू!"

मेघनाचा शेंग धरलेला हात तसाच राहिला.

"मग शेजारची तांबडी नाही घासली?"

"तिला कशी घाशीन?" ठमाबाई माझ्याकडं बघतच राहिल्या. "त्यो देव हाय की."

"देव?"

"शेंदूर माखल्याला. भितीला बसवल्याला. कालव्याच्या पान्याची जागा हाय, कुनीतरी म्हसोबा बसवला आसंल, म्या कशाला इचारू? तेलाचा हात दिला, कुकू लावलं आन् पाया पडले."

तांबड्यावर लावलेलं कुंकू कुणाला दिसणार! तेल तेवढं सोमनाथच्या बोटाला लागलं. घासणारा एक आणि तेल लावणारा दुसरा नव्हताच. लबाड तर कुणीच नव्हतं. दोन्ही पट्ट्यांवरून एकच हात फिरला होता, आणि तो हात भक्तीचा होता.

"पण ठमाबाई," मेघनानं विचारलं, "तात्यांनी तुम्हाला विचारलं असेल ना?"

"इचारलं की. म्हनले, पट्टी कुनी बिघडवली? म्या म्हनलं, म्या न्हाय बाबा. खरंच हाय. म्या तर उजळली." आमची तोंडं बघून त्यांच्या हातातल्या शेंगा थांबल्या. "काय चुकलं का गं माझं?"

आम्ही सांगितलं. सगळं. चार महिने, दोन रंग, रविवारची सभा. ठमाबाई ऐकत राहिल्या आणि एकदम म्हाताऱ्या दिसायला लागल्या.

"तात्या मला कामावरनं काढंल व्हय?" त्यांनी विचारलं.

मला अब्बांचं नाव धुवायचं होतं. पण ते यांच्या पदराला पुसून?

६

रविवारी ओली खोली माणसांनी भरली होती. अब्बा दाराशी उभे होते, चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा. मी पुढं झाले.

"तात्या, आधी मी विचारते. नवमीला तुमच्या घरचा कोयता, कुदळ, नांगराचा फाळ पाटावर येतो. तो कोण घासतं?"

"आँ? त्यो... घरातनं घासून येतुया."

मागं बायका खुदखुदल्या.

मग मी गोल रेघा दाखवल्या, मोडकी काठी दाखवली, चिंचेची शीर दाखवली. खिळ्यावरचा एक पानाही काढून पट्टीशेजारी धरला. शेवटी पट्टी कुणी घासली, ते सांगायची वेळ आली आणि मी थांबले.

"लेकी, सांग की," गर्दीतून ठमाबाईंचा आवाज आला. त्या पदर खोचून पुढं आल्या. "म्याच घासली. तात्या, काडायचं तर काडा मला. पर चिंच माझ्या झाडाची हुती, राख माझ्या चुलीची, आन् हात माझं मोडलं. तुमच्या पट्टीवर 'घासू नगा' आसं लिवलं हुतं का? आन् लिवलं आसतं तरी मला कुटं वाचाया येतंय!"

मग सोमनाथ फिस्सकन हसला आणि त्याच्यामागं सगळी खोली. तात्यासुद्धा. "तुला काडलं तर नवमीला म्या घासत बसू व्हय?" ते म्हणाले. मग हसू आवरून त्यांनी टोपी काढली. "राजाभाई, म्या चुकलो. चारचौघांत बोललो, चारचौघांत माफी मागतो."

अब्बांनी नुसती मान हलवली. सोमनाथनं शिक्का तोडून काळी पट्टी सोडवली. तिची पाठ सगळ्यांनी हातात घेऊन पाहिली.

"पाठ झ्याक हाय," तात्या म्हणाले. "पर पाठीला भितीचा आडोसा. शिंतोडं तोंडावर. कसोटी फुकटच गेली म्हनायची. आता आनखी चार म्हयनं कोण थांबणार? पान्याच्या पुढल्या पाळीच्या आत दारं रंगवली पायजेत. सर, राग मानू नका, यंदाबी तांबडाच लावू."

बुद्धघोष सरांनी पट्टी हातात घेतली आणि तिच्या पाठीवरून अंगठा फिरवला. मेघना माझ्याकडं बघत होती. अब्बांचं नाव परत आलं होतं, काम परत आलं होतं. मी उड्या मारायला हव्या होत्या.

"थांबा तात्या," अब्बा म्हणाले.

ते दारातून भिंतीपर्यंत आले. खिशातून रुमाल काढला आणि त्यांच्या तांबड्या पट्टीची खालची कड घसघसून पुसली. तेल निघालं. तेलाखाली, कडेपासून वर, रंगाला एक फोड आला होता आणि त्याच्यातून तपकिरी रेघ फुटली होती. बोटभर लांब.

"दसऱ्याच्या दोन दिस आधी, सकाळी, म्या खिडकीतनं हीच रेघ बघितली," अब्बा म्हणाले. "घासायच्या आदी. तवा सरांची पट्टी म्होरनं दिसत हुती. तिच्यावर एक डाग नव्हता. म्या लई येळ हुडिकला, गावला न्हाय." ते थांबले. "तात्या, ती रेडकं मेली तवाबी रंग माझाच हुता. तवा मला ठावं नव्हतं. आता ठावं हाय. कसोटी फुकट गेल्याली न्हाय. म्या बघितलीया."

तात्यांनी वाकून ती रेघ पाहिली, बोटानं दाबली. फोड फुटला. भुकटी नाही, खपली निघाली.

"सर," तात्या म्हणाले, "साल किती पोती लागंल, हिशेब करा. काळाच लावू."

"मंग आता दारं बी काळी व्हणार?" ठमाबाईंनी विचारलं. "पुढल्या नवमीला ती घासायची का न्हाय?"

"न्हाय!" अख्खी खोली ओरडली.

येताना मेघनानं मला भेळ दिली. एकच. ठरली होती तेवढीच.

लुनावर मी अब्बांच्या मागं बसले होते. ऊस वाऱ्यानं सळसळत होता आणि अब्बा गप्प होते. मला वाटलं त्यांना वाईट वाटत असेल. वीस वर्षांचं काम त्यांनी स्वतःच्या रुमालानं पुसून टाकलं होतं. काहीतरी बोलावं म्हणून मी शब्द जुळवायला लागले.

तेवढ्यात त्यांनीच मान जरा मागं वळवली.

"मुबू, ती साल... कवळ्या बाभळीची घेत्यात का जून? आन् काढा किती येळ उकळायचा? उद्या इचार की सरांना. न्हायतर ऱ्हाऊ दे. म्याच जातो."